चंद्राच्या काळ्या भागातली ठिणगी

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात मी खानदेशात गेले होते. गेले ती लग्नासाठी, आणि परत आले ती एका आजारी माणसाला घेऊन. मधल्या दिवसांत जे पाहिलं ते इथं पुण्यात मी दोघातिघांना सांगून पाहिलं. सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी निसटलं, म्हणून आता लिहून काढते आहे. मी डोळ्यांची डॉक्टर आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा संबंध येतो.

धुळे

लग्न माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं होतं. धुळ्यात दुपारी ऊन आणि रात्री हाडात शिरणारी थंडी. मांडवाच्या मागं बायका उलट्या खापरावर मांडे करत होत्या. आमच्याकडं पुरणपोळी लाटतात. इथं ती हातावर फिरवत फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत आली की खापरावर टाकायची. मलाही एकीनं आग्रहानं गोळा दिला. माझी पोळी मनगटापाशीच फाटली आणि पुरण पायावर पडलं. सगळ्या हसल्या, पण मला दुसरा गोळा द्यायला कुणी तयार झालं नाही.

तिथंच फैजपूरकडची एक पाहुणी भेटली. तिनं माझ्या मामीचा निरोप आणला होता. "इंदूला म्हणावं, लग्न झालं की थेट इकडं ये. नाना रात्रभर परसात बसतात. काहीतरी दिसतं म्हणतात. भास्करशी रोज भांडण."

नाना म्हणजे माझे सख्खे मामा. भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर फैजपूरला घरच्या केळीच्या मळ्याशेजारी राहायला गेले. भास्कर हा त्यांचा मुलगा, मळा तोच बघतो. एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात नानांनी दुर्बीण घेतली, एवढं मला माहीत होतं. म्हातारपणी माणसाला काही नाद लागतो, तसा हा लागला असेल, असं मी धरून चालले होते. पण "काहीतरी दिसतं" हे शब्द माझ्या कामातले आहेत. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस याच शब्दांनी सुरुवात करतो. त्या रात्री मांडवात सनई चालू असताना माझं लक्ष लागेना.

पारोळ्याच्या वाटेवर

धुळ्याहून जळगावला सर्व्हिस मोटारीनं निघाले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, रस्त्यावर सरकी काढायच्या जिनाकडं निघालेल्या गाड्यांची रांग, आणि झाडाझुडपांना अडकलेला कापूस. पारोळ्याच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडं बघत उभा राहिला. लवकर होईल का, असं मी विचारलं तर सगळ्या रस्त्याकडं हात करून म्हणाला, "बठ्ठा रस्ताच असा शे, बाई. बसा सावलीत."

सावलीत एक शेतकरीण बसली होती. मी एकटी कुठं निघाले, नवरा कुठं आहे, हे तिनं विचारून घेतलं. लग्न केलं नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटलं, आणि मी डॉक्टर आहे म्हटल्यावर ते वाईट वाटणं एकदम संपलं.

"डोयासनी डॉक्टरीन शे का तू? मंग मना डोया दखी दे ना."

मी तिची पापणी उलटवून पाहिली. खुपऱ्या होत्या. काय करायचं ते सांगितलं. तेवढ्यात मोटारीतले बाकीचेही खाली उतरून माझ्यापुढं येऊन उभे राहिले. चाक बसलं तरी रांग संपेना आणि ड्रायव्हरच रांगेत शेवटी उभा. पारोळ्याचा किल्ला बघायचा माझा बेत होता. खंदकाचं पाणी आणि एक बुरूज धावत्या मोटारीतून दिसला, तेवढ्यावर भागवलं. खरं सांगायचं तर मला थांबायचंच नव्हतं.

फैजपूर

जळगावहून रेल्वेनं सावद्याला उतरले. भुसावळ सुटल्यावर तापीचा पूल लागतो. त्यानंतर उत्तरेला सातपुडा दिसू लागतो तो शेवटपर्यंत खिडकीतून हलत नाही. स्टेशनावर भास्कर छकडा घेऊन आला होता. वाटेत दोन्हीकडं केळी, मधून मोटेचं पाणी पाटानं वाहतं आहे. स्टेशन मागं पडल्यावर भास्कर म्हणाला, "ताई, तू त्यांना एवढंच सांग की हे सगळं मनाचं आहे. गावात लोक म्हणतात, म्हातारा दुर्बिणीतून दुसऱ्यांच्या अंगणात बघतो. शेजारच्यांनी तर भिंत उंच केली."

"आणि ते काय बघतात?"

"चंद्रावर दिवा दिसतो म्हणतात." त्यानं बैलाला चुचकारलं. "दिवा, ताई."

घरी पोचले तेव्हा मामी मळ्याच्या बांधावर वांगी भाजत होती. इथली वांगी हिरवी पांढुरकी, नारळाएवढी. ती काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर कुटतात, वर कांद्याची पात आणि तेलाची धार. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्याकडच्या भरितात दही घालतात हे मी सांगितलं तेव्हा मामीनं मला आजाऱ्याकडं बघावं तसं बघितलं. "दही? मंग वांगं कायले घालतात त्याच्यात?"

नाना जेवायला आले. अंग वाळलं होतं, पण चाल तीच, पाय रोवून, हलत्या डब्यात चालावं तशी. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला बोलावून घेतलं ना हिनं? माझं डोकं तपासायला?"

"डोकं माझ्याकडं नाही, नाना. माझ्याकडं फक्त डोळे."

ते हसले. जेवणानंतर मला परसात घेऊन गेले. बाभळीच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर पितळी दुर्बीण, तिच्यावर मामीच्या जुन्या लुगड्याचं कापड. अमावास्या जवळ आली होती, चंद्र नव्हता. तारे मात्र असे की पुण्यात मी कधी पाहिले नाहीत. नानांनी मला गुरू दाखवला, त्याचे चार चंद्र एका ओळीत. पहिल्या महिन्यात त्यांना गुरूवरून एक काळी रेघ गेलेली दिसायची. शेवटी नळी उघडली तर आत कोळी राहत होता. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि पुन्हा हसले.

"पण आता दिसतं ते कोळ्याचं नाही," ते म्हणाले. "मोठ्या ताऱ्यांना कधीकधी कडं पडतं. इंद्रधनुष्यासारखं. बाहेर तांबडं, आत निळं. आत्ता गुरूला आहे बघ."

मी पाहिलं. गुरूला कडं नव्हतं.

मी आत जाऊन कंदील आणला आणि लांब धरला. "याला?"

"यालाही आहे," नाना म्हणाले. "तुला दिसत नाही?"

मी कंदील खाली घेतला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं म्हणजे काय असतं हे मला पाठ आहे. सकाळच्या उजेडात नानांचे डोळे तपासायचे, असं मी ठरवलं.

तपासणी

सकाळी ओसरीवर बसवून मी नानांचे डोळे पाहिले. मिटल्या पापण्यांवर बोटं ठेवली. उजवा डोळा गोटीसारखा ताठ लागला. मी बोटं बाजूनं आणत गेले, तर उजव्या डोळ्याला ती जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत दिसत नव्हती. डावा बराच चांगला होता, पण त्याचीही सुरुवात झालेली. काचबिंदू. आणि वाईट हे की असा डोळा अंधारात बसलं की जास्त बिघडतो. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातलं पाणी आतच कोंडतं. नाना रोज रात्री दुर्बिणीपाशी बसून स्वतःचा डोळा घालवत होते.

मी सगळं स्पष्ट सांगितलं. कडी ताऱ्यांना नाहीत, डोळ्याला आहेत. मुंबईला शस्त्रक्रिया करावी लागेल, ती लवकर केली तर डावा डोळा वाचेल, उजव्याचंही उरलंसुरलं टिकेल. मामीनं पदर तोंडाला लावला. भास्कर उठून उभा राहिला. "बघा, मी म्हणत होतो ना," म्हणाला, पण आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

नानांनी अंगणाकडं तोंड फिरवलं.

"म्हणजे मी पाहिलं ते सगळं खोटं?"

"कडी खोटी. बाकीचं मला माहीत नाही."

"इंदू, आयुष्यभर मी रात्रीच्या काळोखात दिवा बघितला आणि सांगितला. तांबडा म्हटलं की तांबडा. माझ्या शब्दावर गाडी थांबायची. आता माझा मुलगा मला म्हणतो, आबा, झोपा." ते भास्करकडं न बघता बोलत होते. "चंद्राच्या काळ्या भागात मी ठिणगी पाहिली आहे. एकदा नाही. हळूहळू पेटते आणि हळूहळू विझते. शुद्धातल्या पहिल्या चार-पाच दिवसांत, तेव्हाच तो भाग दिसतो. तू ती बघ. नाही दिसली तर ती माझ्या डोळ्यातली, आणि मग डोळा कापा नाहीतर काढा. पण बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"त्याला अजून चार दिवस आहेत, नाना. तेवढ्यात—"

"तेवढे दे."

माझ्या पेटीत बाहुली बारीक करणारे थेंब होते. ते सुरू केले आणि दिवे लावून खोलीत बसायचं, परसात जायचं नाही, अशी अट घातली. नानांनी ती पाळली. दुसऱ्या संध्याकाळी खिडकीतून आभाळ बघून म्हणाले, "तुझ्या थेंबांनी तारे विझवले." तक्रार नव्हती ती, नुसतं सांगणं होतं. ते मला फार लागलं.

वाट बघण्याचे दिवस

हे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. घरात बसवेना. भास्करबरोबर रावेरच्या बाजूला एका नातेवाइकांच्या मळ्यात गेले. घड कापून बायका ते केळीच्याच वाळल्या पानांत गुंडाळत होत्या, दूरच्या गाडीसाठी. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीत गेले. तिथली माणसं डिंक आणि मोहाची फुलं विकून आणि मजुरी करून राहतात. एका घरी आम्हाला ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी मिळाली. तिथल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, डोंगरावर, आभाळात कधी काही न कळणारं दिसतं का. तो म्हणाला, "दिसतं. आपण आपलं काम करावं." मला ते जमणारं नव्हतं.

परतताना भास्कर म्हणाला, "तुला दिसलं नाही तर त्यांना ते सांगशील ना, सरळ?"

"सांगेन."

"आणि दिसलं तर?"

दिसेल असं मला वाटत नव्हतं. दिसलं तर नाना पुन्हा दुर्बिणीपाशी जाऊन बसतील आणि डोळे घालवून घेतील, ही भीती मात्र होती. न दिसलं तर त्यांच्याकडून जे काढून घ्यावं लागेल त्याचीही भीती होती. मी नक्की कशाची इच्छा करत होते, हे मला आजही सांगता येत नाही.

द्वितीयेची कोर गावच्या धुरात बुडाली. तृतीयेला मी तासभर पाहिलं. उजळ कोर, तिच्या पोटात धरल्यासारखा राखाडी गोळा. बाकी काही नाही. आत जाऊन तसं सांगितलं. नाना म्हणाले, "उद्या."

त्या रात्री त्यांचा उजवा डोळा एकाएकी भडकला. कपाळ फुटतंय असं दुखणं, उलट्या, डोळा लालभडक. मी दर थोड्या वेळानं थेंब घालत बसले. मामी पाय चोळत होती. भास्कर दारात कंदील धरून उभा होता. पहाटे दुखणं उतरलं. मी म्हटलं, "आज दुपारच्या गाडीनं निघायचं. यापुढं मी ऐकणार नाही."

नानांच्या डोळ्यांवर पट्टी होती. ते म्हणाले, "आज चतुर्थी आहे."

भास्कर पुढं झाला. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण तो बापाच्या उशाशी बसला आणि मला म्हणाला, "ताई, आजची संध्याकाळ राहू दे. रात्रीच्या गाडीची तयारी मी करून ठेवतो. आबांना असं अर्ध्यातून उठवून नेऊ नको."

चतुर्थी

दिवस मावळल्यावर मी एकटीच परसात गेले. शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी डोकावलं आणि गेलं. चंद्र पश्चिमेला बराच वर होता. नानांच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं, त्यामुळं उजेडाची कोर वर आणि काळा भाग खाली. हात गारठून लोखंड झाले. डोळ्यात पाणी आलं की पुसायचं, पुन्हा डोळा लावायचा. दोनदा मला काहीतरी दिसलं असं वाटलं आणि दोन्ही वेळा ते माझ्याच पापणीचं होतं.

मग ती दिसली.

एकदम नाही. राखाडी भागात, खालच्या कडेपासून जरा आत, एक टिंब आधी असल्यासारखं वाटलं, मग होतंच. तांबूस पिवळं. ते वाढलं, मोठं नव्हे, तेजानं वाढलं. मी डोळा बदलला. डाव्या डोळ्यालाही तिथंच. दुर्बीण किंचित सरकवली, चंद्राबरोबर टिंबही सरकलं. म्हणजे काचेवरचं नाही, डोळ्यातलं नाही. उजेडाची कोर तिथून खूप लांब होती, त्यामुळं उन्हात आलेला डोंगरमाथाही नाही. उल्का पडली म्हणावं तर ती क्षणात संपते. हे संपत नव्हतं.

मी मामीला हाक मारली. मामीनं आजवर त्या नळीला डोळा लावला नव्हता, घरात वैरीण आणून ठेवावी तशी ती तिच्याकडं बघायची. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "काय दिसतं सांग."

ती बराच वेळ वाकून राहिली. "राखोंडीत इंगय ऱ्हायला तसं दिसून ऱ्हायलं, माय," ती हळू म्हणाली. राखेतला निखारा. मग थोड्या वेळानं, "आता इझलं."

मी पाहिलं. काळा भाग पुन्हा होता तसाच होता.

आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. मामी रडत होती. मला कळेना, धाकानं की कशानं. ती म्हणाली, "इतके दिवस म्या त्याईले येडं म्हनलं."

मी आत गेले. पावलांवरूनच नानांनी ओळखलं असावं. पट्टीखालचा चेहरा माझ्याकडं वळला. भास्कर ट्रंक बांधता बांधता थांबला. नाना फक्त एवढंच म्हणाले, "कुठं?"

जागा त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती, मुद्दामच. मी त्यांचा तळहात उघडला. "कोर बोटांकडं," म्हटलं, आणि मनगटाच्या जरा वर, करंगळीच्या अंगाला माझं बोट टेकवलं.

त्यांनी मूठ मिटली. माझं बोट तिच्यात राहिलं. भास्करनं मामीकडं पाहिलं, मामीनं मान हलवली. मग भास्कर खाटेपाशी आला आणि उभाच राहिला.

मला भीती होती की आता नाना उठून बाहेर जायचा हट्ट धरतील. त्यांनी दीर्घ श्वास सोडला. उतरणीवरून गाडी सपाटीला आल्यावर गार्डानं ब्रेक सोडावा तसा.

"बरं तर," ते म्हणाले. "गाडी किती वाजता?"

परत

मुंबईला शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. डावा वाचला. नाना फैजपूरला आहेत, दिवसा मळ्यात फिरतात. भास्कर लिहितो की शुद्धातल्या पहिल्या चार रात्री तो स्वतः दुर्बिणीपाशी बसतो आणि आत येऊन आबांना सांगतो. अजून त्याला काही दिसलेलं नाही. नाना त्याला म्हणतात, बघत राहा.

पुण्यात मी खगोलशास्त्र जाणणाऱ्या एका प्राध्यापकांकडं गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चंद्रावर काही खड्डे फार पांढरे आहेत, पृथ्वीच्या उजेडात ते चमकल्यासारखे दिसतात, म्हणाले. मी म्हटलं, ते पेटत नाहीत आणि विझत नाहीत. मामीलाही दिसलं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, अशा वेळी एकाचं बघून दुसऱ्याला दिसतं. मी म्हटलं, मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

ते फार सौजन्यानं म्हणाले, "बाई, राग मानू नका. आदल्या रात्री तुम्ही झोपला नव्हतात. एकदा डोळे तपासून घ्या."

दवाखान्यात मी रोज हेच वाक्य बोलते, इतक्याच सौजन्यानं. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या सहकाऱ्याकडून डोळे तपासून घेतले. त्यानं बराच वेळ घेतला. दोन्ही डोळे निर्दोष आहेत, म्हणाला. हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. मी घरी आले आणि गच्चीवर गेले. चतुर्थी नव्हती, चंद्रही नव्हता. तरी बराच वेळ तिथं उभी राहिले.